काट्यावर ४० किलो ठेवले की वजन उणे २५५३६ (स्प्रिंटएफ, अर्डुइनो नॅनो)

काटेवाली

नमस्कार. फोनवर मराठी कळफलकच आहे आणि कॉम्प्युटर राहिलाय वर्कशॉपात, त्यामुळे कोड तोंडी सांगितल्यासारखा लिहिते. समजून घ्या.

आमचं काटेदुरुस्तीचं दुकान आहे, सांगली जिल्ह्यात. बाबा तागडीच्या काळापासून या धंद्यात, मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून त्यांच्या हाताखाली. गावच्या दूध संकलन केंद्राला एक जोडकाटा बनवून देतेय. बिलाचा शिक्क्याचा काटा त्यांच्याकडे आहेच, हा फक्त दिवसअखेर ताळा बघायला. सामान साधंच: १०० किलोचा लोडसेल (वजन जाणणारा सेन्सर), त्याचं वाचन आकड्यात आणणारी एचएक्स७११ चिप, नॅनो (अ‍ॅटमेगा ३२८पी), सोळा बाय दोनचा एलसीडी आणि आकड्यांचं कीपॅड.

वजन ग्रॅममध्ये एका लाँग (मोठा पूर्णांक) व्हेरिएबलमध्ये ठेवते. स्प्रिंटएफने (आकडे घालून अक्षरांची ओळ बनवणारं सी भाषेचं फंक्शन) सोळा अक्षरांच्या बफरमध्ये, म्हणजे राखीव जागेत, ओळ तयार करते आणि एलसीडीला देते. ओळ अशी: एम आणि तीन आकडी सभासद क्रमांक, दोन मोकळ्या जागा, डब्ल्यू, एक जागा, टक्का-डी (तिथे वजनाचा आकडा येतो), एक जागा, जीएम.

आता रडगाणं.

२० किलोचं एक वजन ठेवलं, बरोबर. दुसरं २० चं ठेवलं की उणे २५५३६. ते पण तिथे थांबत नाही, पुढच्याच क्षणाला उणे २५६४५ होतं आणि मग तिथेच राहतं.

किलोमध्ये दाखवायचं म्हणून हजाराने भागून भागाकार आणि बाकी वेगवेगळी छापली, टक्का-डी, टिंब, टक्का-डी. १२ किलो ३४५ ग्रॅमला १२.० येतं. काहीही ठेवा, टिंबापुढे शून्य. आणि टेअर मारून (म्हणजे रिकाम्या कॅनचं वजन वजा करायला लावून) कॅन उचलला की -५.-१. हे उणे एक कुठून आलं?

म्हटलं फ्लोट (दशांशाचा आकडा) करून बघू, टक्का-एफ. आकड्याच्या जागी नुसतं प्रश्नचिन्ह उमटलं. मलाच विचारतोय.

शेवटचं जरा वेगळं आहे, पण डोकं त्यानेच जास्त खाल्लं. ५४०० ग्रॅमचा कॅन ठेवून टेअर मारते. थोडं दूध ओतेपर्यंत सगळं ठीक. दहा किलोच्या वर गेलं की वजन २४ ग्रॅम जास्त. दुसरा कॅन ५२८२ ग्रॅमचा, त्याला १६२ ग्रॅम जास्त. टेअर न मारता वजनं ठेवली तर दहाच्या वरही अचूक. लोडसेल सरळ रेषेत चालत नाही समजून तो बदलला. पदरचे पैसे गेले, २४ ग्रॅम तिथेच.

हाच हिशोबाचा कोड घरच्या विंडोज लॅपटॉपवर चालवला तर ४० किलो बरोबर, दशांश बरोबर, फ्लोटही बरोबर. म्हणजे चिप डुप्लिकेट आलीय का? बाजारातून आणलेले नॅनो आहेत, भरवसा नाही.

---

बिटबिट

एवढा उपद्व्याप कशाला? डीटीओएसटीआरएफ नावाचं फंक्शन आहे, त्याला फ्लोट द्या, रुंदी द्या, दशांश किती ते सांगा, काम खल्लास. इंटिजरच्या नादी लागू नका.

---

सोल्डरचा धूर

चिप अस्सल आहे की नाही ते देव जाणे, पण ताई, तिच्यावर आळ घेऊ नका. तुमच्या चारही तक्रारींत तिचा हात नाही. भोसरीत बत्तीस वर्षं टेंपरेचर कंट्रोलर बनवले आहेत, त्यातली निम्मी एलसीडीवर उणे आकडे बघण्यात गेली. म्हणून जरा ऐसपैस लिहितो.

स्प्रिंटएफला तुम्ही काय दिलंय हे त्याला माहीत नसतं. त्याच्या हातात बाइटांची एक रांग पडते आणि ती कशी तोडायची ते फक्त टक्क्यापुढच्या अक्षरांवरून ठरतं. टक्का-डी म्हणजे ‘एक इंट (साधा पूर्णांक) उचल’. तुमच्या लॅपटॉपवर इंट चार बाइटांचा आणि विंडोजवर लाँगही चार बाइटांचा, म्हणून चूक लपली. या एव्हीआर चिपवर इंट दोन बाइटांचा, लाँग चारचा. तुम्ही चार बाइट दिलेत, त्याने दोन उचलले. दोन बाइटांत चिन्हासह ३२७६७ पर्यंतच मावतं. ४०००० मधून ६५५३६ वजा करा: उणे २५५३६. तुमचा काटा ३२ किलो ७६७ ग्रॅमपर्यंत सज्जन आहे, पुढे एक ग्रॅम टाकलात की पाताळात.

आता १२.० बघा. १२ हा लाँग, रांगेत बाइट पडले १२, ०, ०, ०. या चिपवर लहान बाइट आधी असतो. पहिल्या टक्का-डीने पहिले दोन उचलले, १२ आले. दुसरा टक्का-डी तुमच्या ३४५ पर्यंत पोचलाच नाही! त्याने त्याच १२ चे उरलेले दोन बाइट उचलले, शून्य. कॅन उचलल्यावर उणे पाच होतात. उणे पाचचे वरचे दोन्ही बाइट सगळे एक-एक बिटांनी भरलेले, आणि दोन बाइटांत सगळे बिट एक म्हणजे उणे एक. ते तुमचं -१. दशांश म्हणून जे दिसत होतं तो दशांश नव्हताच, किलोचाच मागचा अर्धा भाग होता.

दोन्हीकडे टक्का-एलडी (म्हणजे ‘एक लाँग उचल’) लिहा, हे दोन्ही आजार जातील. (आणि लगेच नवीन येतील. खाली सांगतो.)

प्रश्नचिन्हाचं कारण असं: एव्हीआरच्या सी लायब्ररीत हे छपाईचं यंत्र तीन आकारांत येतं. नेहमीच्या आकारात फ्लोट छापायची सोय मुद्दाम वगळलेली आहे, कारण चिपमध्ये फ्लॅशच ३२ केबी. फ्लोट मागितलात की तो इमानदारीत प्रश्नचिन्ह छापतो. मोठा आकार लिंकरला सांगून जोडता येतो, पण तुम्हाला तो लागणार नाही.

आता तुमचा २४ ग्रॅमचा भुताटकीचा किस्सा, आणि यासाठीच मी चहा टाकून बसलो. ओळीची अक्षरं मोजली: चार, दोन, एक, एक, मग वजन, एक, दोन. वजन सोडून अकरा. वजन चार आकडी असेल तर पंधरा. दहा किलोच्या वर पाच आकडी झालं की बरोबर सोळा. बफर सोळाचा. पण स्ट्रिंगच्या (अक्षरांच्या ओळीच्या) शेवटी नल, म्हणजे ‘इथे संपलं’ सांगणारा शून्य बाइट, लागतो, तो सतरावा. त्याला घर नाही, तो शेजाऱ्याच्या घरात घुसतो. तुमच्या प्रोग्रॅममध्ये बफरच्या लगेच पुढे टेअरचा लाँग बसलाय, असं मी पैजेवर सांगतो. लहान बाइट आधी, म्हणजे टेअरचा सगळ्यात खालचा बाइट शून्य झाला.

५४०० म्हणजे २१ गुणिले २५६, अधिक २४. खालचा बाइट पुसला, २४ गेले, टेअर उरला ५३७६. वजन २४ ने जास्त. दुसरा कॅन ५२८२ म्हणजे २० गुणिले २५६, अधिक १६२. जुळलं? टेअर मारला नव्हता तेव्हा तो बाइट आधीच शून्य होता, म्हणून तेव्हा काही बिघडलं नाही.

आणि ४० किलोला वजनाच्या जागी उणे चिन्ह धरून सहा अक्षरं, ओळ सतराची, नल अठरावा. म्हणजे टेअरचे दोन बाइट गेले. पहिल्यात जीएम मधला शेवटचा एम पडला, त्याचा आस्की कोड १०९. दुसऱ्यात नल. टेअर झाला १०९ ग्रॅम. ४०००० वजा १०९ म्हणजे ३९८९१, त्यातून ६५५३६ वजा करा. उणे २५६४५. पुढच्या फेरीला पुन्हा तेच १०९ बसतात, म्हणून आकडा तिथेच थांबतो.

लोडसेल बिचारा निर्दोष होता. जुना फेकला नसेल तर ठेवा जपून.

बफर सतराचा करा आणि स्प्रिंटएफ सोडून एसएनप्रिंटएफ घ्या, त्याला बफरचा आकार सांगावा लागतो आणि नलसकट तेवढ्यातच तो बसवतो. तो परत देतो ती संख्या ‘किती लिहिलं’ ही नसते, ‘जागा असती तर किती लिहिलं असतं’ ही असते. ती १६ पेक्षा जास्त आली की ओळ कापली गेली असं समजायचं.

बिटबिट यांचं डीटीओएसटीआरएफ वाईट नाही, वजनापुरतं चालेलही. पण फ्लोटमध्ये २४ बिटच खरे. केंद्राची बेरीज पैशात ठेवलीत तर १,६७,७७२ रुपये १६ पैशांच्या पुढे फ्लोटला एकेक पैसा ओळखता येत नाही. दुधाच्या केंद्राला हा आकडा काही फार लांब नाही. लाँगमध्ये पैसे ठेवा, दोन कोटींच्या पुढे जाईपर्यंत चिंता नाही.

---

काटेवाली

काका (काका म्हटलं तर चालेल ना?), टेअर खरंच बफरच्या पुढच्या ओळीत डिक्लेअर केलाय. वाचून अंगावर काटा आला, आमच्या दुकानात काट्यांची कमी नाही तरी.

बाबांना सांगितलं की नलने धडा खाल्ला. ते टेअरला अजून धडाच म्हणतात. ते म्हणाले, पूर्वी धड्याला दगड ठेवायचो, तो कुणी खात नव्हता.

बफर सतराचा केला. २४ ग्रॅम गेले, १६२ पण गेले. टक्का-एलडी केलं, ४० किलो चाळीसच आले. पण तुम्ही म्हणालात तसे नवीन आजार आलेच: १२ किलो ५ ग्रॅमला १२.५ दाखवतोय. आणि कॅन उचलल्यावर -५.-४००.

अजून एक. कंपायलरने मला एका शब्दाने का सांगितलं नाही?

---

सोल्डरचा धूर

काका चालेल. मग मीही एकेरीवर येतो.

कंपायलर दोन कारणांनी गप्प बसला असेल. अर्डुइनोच्या सेटिंगमध्ये कंपायलरच्या सूचना मुळात बंद असतात, प्रेफरन्सेसमध्ये जाऊन ‘ऑल’ कर. त्यातल्या जीसीसी कंपायलरला टक्का-डी आणि लाँग यांचं बिनसलंय हे चांगलं कळतं. पण फॉरमॅटची स्ट्रिंग तू तिथेच कंसात लिहिली असशील तरच. किलो आणि ग्रॅमचे दोन फॉरमॅट एका टेबलात ठेवून मोडप्रमाणे उचलत असशील तर त्याला काय जाणार आहे ते आधी दिसतच नाही, मग तो कशाला बोलेल.

१२ किलो ५ ग्रॅमचे १२.५ दिसणं हे मात्र आतापर्यंतच्या सगळ्यांत वाईट आहे. उणे २५५३६ दिसलं तर कुणीही म्हणेल काटा बिघडला. १२.५ दिसलं तर कुणाला संशयच येत नाही, अर्धा किलो दूध हवेतून जमा होतं. दुसऱ्या आकड्याला टक्का-शून्य-तीन-एलडी लिही, म्हणजे पाचचे ००५ होतील. पैशांना शून्य-दोन.

उणे वजनाला भागाकार आणि बाकी दोन्ही उणे येतात, म्हणून दोन चिन्हं. त्यात एक किलोच्या आतलं उणे आणखी चकवतं: उणे २५० भागिले १००० शून्य, आणि शून्याला चिन्ह नसतं, त्यामुळे ०.-२५० दिसेल. चिन्ह आधी वेगळं काढ, आकडा धन कर, मग भाग.

खरं तर इथून पुढे मी स्प्रिंटएफ टाकून दिलं असतं. आम्ही ८०५१ वर १२८ बाइट रॅममध्ये हे स्वतःच लिहायचो. केइलच्या कंपायलरवर तर एक बाइटचा आकडा छापायला टक्का-बीडी असं निराळंच लिहावं लागे, विसरलं की शेजारचा बाइट धरून काहीतरी अगडबंब यायचं. त्या कटकटीपेक्षा आपलं फंक्शन बरं. वीस-पंचवीस ओळी होतात.

उजवीकडून डावीकडे लिहायचं, पाटीवर बेरीज मांडतो तसं. आठ अक्षरांची जागा घे, सगळी मोकळ्या जागेने भर. आकडा उणे आहे का ते लक्षात ठेवून त्याचं धन रूप अनसाइन्ड लाँगमध्ये घे. मग शेवटच्या घरापासून: दहाने भागून बाकी काढ, तीत ४८ मिळव (आस्कीत शून्याचा कोड ४८, नवाचा ५७), घरात ठेव, एक घर मागे ये. तीन आकडे झाले की टिंब. आकडा संपला की थांब, पण निदान चार आकडे लिहून झाल्याशिवाय थांबू नकोस, नाहीतर पाच ग्रॅमला ०.००५ ऐवजी नुसता ५ राहील. शेवटी उणे असेल तर चिन्ह.

अनसाइन्ड का, तर चिन्हाच्या आकड्यांत उणे बाजूला एक घर जास्त असतं. दोन बाइटांत उणे ३२७६८ आहे, अधिक ३२७६८ नाही. त्याला उलटं करायला गेलीस की पंचाईत. तुझ्या काट्यावर तेवढं उणे येणार नाही, पण हेच फंक्शन उद्या दुसरीकडे चिकटवशील, आपण सगळे चिकटवतो.

मोकळ्या जागेने भरायचं दुसरंही कारण आहे. एलसीडी जुनं पुसत नाही. डावीकडून लिहीत असशील तर १०.००० नंतर ९.९९९ आलं की जुन्याचा शेवटचा शून्य उरतो आणि ९.९९९० दिसतं. रुंदी ठरलेली असली की ही भानगड नाही.

आणि या चिपला भागाकाराची सूचनाच नाही, लायब्ररी प्रत्येक भागाकाराला काहीशे क्लॉक खाते, असं कुणीतरी येऊन सांगेलच. खाऊ दे. १६ मेगाहर्ट्झला सहा आकडे म्हणजे मिलिसेकंदही होत नाही आणि तुझा एचएक्स७११ सेकंदाला दहाच वाचनं देतो.

---

पाटकरी

मी सांगणारच होतो भागाकाराचं. राहिलं.

त्याऐवजी दुसरं सांगतो. पैसे काढताना लिटर गुणिले दर करत असाल तर दोन्ही इंट ठेवू नका. ४० लिटर, दर ३५ रुपये म्हणजे ३५०० पैसे. गुणाकार यायला हवा १,४०,०००. उत्तर लाँगमध्ये साठवलं तरी गुणाकार आधी इंटमध्येच होतो आणि मग मोठ्या भांड्यात ओतला जातो. माझ्याकडे १४०० रुपयांच्या जागी ८९ रुपये २८ पैसे आले होते. ठिबकच्या पंपाचा हिशोब होता, दुधाचा नव्हे, पण आकडे तुमचेच घातले. गुणायच्या आधी दोघांपैकी एकाला लाँग करा.

एचएक्स७११ चे २४ बिट लाँगमध्ये भरताना चिन्हही पुढे ओढा. नाहीतर रिकाम्या काट्यावर उणे एकच्या जागी १६७७७२१५ वाचाल. तयार लायब्ररी वापरत असाल तर तिने ते केलेलं असतं.

---

काटेवाली

लायब्ररीच आहे, त्यामुळे तेवढं वाचलं. फंक्शन लिहिलं, अठ्ठावीस ओळी झाल्या. -५.४००, १२.००५, ०.०००, -०.२५० सगळं आलं. काका, पाटीवरची बेरीज म्हणालात तिथे डोक्यात शिरलं.

काल केंद्रावर लावून बघितला. वजन फस्क्लास. पण सभासद क्रमांकाचा घोळ निघाला. कीपॅडवर ०१२ दाबलं की दूध दहा नंबरच्या नावावर. ०१० दाबलं की आठच्या. आठ आणि नऊ नंबरवाले कुठे गायबच, दोघांचं शून्य नंबरला जमा. १०० च्या पुढचे सगळे बरोबर. मी दुकानात १०१, १०२ घालूनच तपासलं होतं. दहा नंबरच्या मावशी खूश होत्या, बारावाले अण्णा नव्हते.

कीपॅडचे आकडे बफरमध्ये घेते, एसटीआर-टू-एल ला (अक्षरांची संख्या करणारं फंक्शन) देते. पहिलं बफर, दुसरं नल, तिसरं शून्य. नेटवर होतं तसं.

---

सोल्डरचा धूर

तिसरं शून्य हाच गुन्हेगार. तिथे पाया (दशमानाला दहा, अष्टमानाला आठ) सांगायचा असतो. शून्य दिलंस म्हणजे ‘तूच ओळख’. मग सी भाषेचा जुना नियम लागतो: आकड्याआधी शून्य असेल तर तो अष्टमान. ०१२ म्हणजे एक आठ आणि दोन, दहा. ०१० म्हणजे आठ. ०११ वाले कोण ते बघ, त्यांचं दूध नऊला गेलंय. अष्टमानात ८ आणि ९ हे आकडेच नाहीत, म्हणून ००८ वाचताना तो आठापाशी थांबला आणि आतापर्यंत झालं तेवढं, म्हणजे शून्य, परत दिलं. ०१८ असेल तर एकला जाईल. सात नंबरापर्यंत मात्र दोन्ही पद्धती सारख्या, म्हणून ००१ ते ००७ मध्ये कुणाची तक्रार नसणार.

तिसऱ्या जागी दहा लिही. टक्का-आय ने वाचणाऱ्या एसस्कॅनएफलाही हीच खोड आहे, टक्का-डी ला नाही.

दुसऱ्या जागी नल देऊ नकोस, एक पॉइंटर दे. वाचन कुठे थांबलं ते त्यात कळतं. तो स्ट्रिंगच्या शेवटी पोचला नसेल, किंवा सुरुवातीलाच अडकला असेल, तर सभासद क्रमांक मान्यच करायचा नाही. अक्षरांची संख्या करायला एटीओआय वापर असं कुणी म्हणालं तर त्याचं ऐकू नकोस, रिकामं बफर आणि खरा शून्य यांत त्याला फरक कळत नाही.

कालचा हिशोब हाताने दुरुस्त करून दे. ०९९ पर्यंतचे सगळे तपास.

---

काटेवाली

०११ वाले आमचेच चुलते निघाले, त्यांना अजून सांगितलं नाही. वही घेऊन बसून सगळं बसवलं, सचिवांनी सही केली. दहा टाकलं, आता ज्याचं दूध त्याच्या नावावर.

शेवटचं विचारते. बाबांना आणि केंद्रावरच्या दोघातिघांना मराठी आकडे हवेत काट्यावर. ४८ मिळवायच्या जागी दुसरं काही मिळवून होईल का?

---

पाटकरी

कॉम्प्युटरवर असतं तर युनिकोडमध्ये देवनागरी शून्यापासून नवापर्यंत ओळीने आहेत, पण यूटीएफ-आठमध्ये एकेक आकडा तीन बाइटांचा. सतराचं बफर पाच आकड्यांत संपलं असतं. आणि टक्का-१६-एस अशी रुंदी दिली की तो अक्षरं नाही, बाइट मोजतो. ‘सुमन’ हे नाव बारा बाइटांचं, सोळाच्या रकान्यात पुढे चारच जागा सुटतात. पावतीचे रकाने वाकडे होण्याचं कारण बहुतेक वेळा हेच.

---

सोल्डरचा धूर

तुझ्या एलसीडीला युनिकोड वगैरे काही कळत नाही. तो ४४७८० कंट्रोलरच्या जातीचा असणार. त्यात आपली स्वतःची चित्रं ठेवायला आठच जागा, प्रत्येक पाच ठिपके रुंद आणि आठ उंच. आकडे दहा. पण मराठी शून्याला छोटा ओ चालून जातो आणि मराठी तीन इंग्रजी तिनासारखाच काढतात. राहिले १, २, ४, ५, ६, ७, ८, ९. मोज, बरोबर आठ.

त्या आठ जागांचे कोड शून्य ते सात. पहिल्याच चित्राचा कोड शून्य आला की ती स्ट्रिंगच संपली, कारण नल म्हणजेच शून्य, आणि ओळ अर्धवट तुटेल. पण तीच आठ चित्रं आठ ते पंधरा या कोडांवरही मिळतात. ते वापर.

४८ मिळवायच्या जागी दहा घरांचं टेबल कर: शून्याला छोट्या ओ चा कोड, तिनाला इंग्रजी तिनाचा, बाकीच्यांना आठ ते पंधरा. तुझ्या फंक्शनमध्ये एकच ओळ बदलेल.

---

काटेवाली

झालं. रात्री अकरापर्यंत चौकटीच्या कागदावर ठिपके भरत होते, पाचाचं पोट पाच ठिपक्यांत बसेना. सकाळी ३७.२५० वर थांबवून बाबांना दाखवलं. चष्मा लावला, जवळून बघितलं, म्हणाले सात झकास आलाय, पण हा तीन इंग्रजी आहे.